नळीत उरलेली हवा

कळवा स्थानकात लोकल थांबते तेव्हा दोन आवाज ऐकू येतात. एक 'फुस्स' असा, ब्रेकमधून सुटणाऱ्या हवेचा. दुसरा डब्याच्या पोटाखालून येतो. धडधड करीत एकाएकी सुरू होतो, थोडा वेळ चालतो आणि तितक्याच अचानक थांबतो. हा कॉम्प्रेसरचा आवाज. बाहेरची हवा ओढून, दाबून टाकीत भरायची आणि टाकी भरली की गप्प बसायचे, एवढेच त्याचे काम. रोजच्या प्रवाशांना हे आवाज इतके सवयीचे झालेले असतात की ते ऐकूच येत नाहीत. मुलांना मात्र ऐकू येतात. "सर, गाडीखाली कोण ठोकतंय?" हा प्रश्न आम्हाला एका विद्यार्थ्याने विचारला, आणि पुढचे सगळे त्यातून निघाले.

त्या वेळी आम्ही दोघे शिक्षक नववीच्या वीस-बावीस मुलांना घेऊन कळव्यातल्या पत्राकामाच्या एका गाळ्यात चाललो होतो. हवेच्या दाबाचा धडा नुकताच शिकवून झाला होता. दाबलेल्या हवेवर चालणारी अवजारे मुलांनी प्रत्यक्ष पाहावीत, एवढाच हेतू होता. गाळ्यात पाच माणसे काम करीत होती. कोपऱ्यात कॉम्प्रेसर, त्याच्या टाकीपासून भिंतीवरून गेलेला लोखंडी पाइप, पाइपला जोडलेली रबरी नळी आणि नळीच्या टोकाला हातात मावेल अशी कातर. मिस्त्रींनी खटका दाबला आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कागदासारखा कापत नेला. कापलेल्या भागातून पत्र्याची एक अरुंद पट्टी वळत वळत बाहेर आली. मुलांनी टाळ्या वाजविल्या.

मग मिस्त्रींनी कॉम्प्रेसरचे बटण बंद केले. गाळ्यात शांतता झाली.

"पोरांनो, मोटर बंद. आता ही चालेल का?"

"नाही!" मुले एका सुरात म्हणाली. खरे सांगायचे तर आम्हालाही क्षणभर तसेच वाटले.

मिस्त्रींनी खटका दाबला. कातर पूर्वीसारखीच चालली आणि वीतभर पत्रा कापला गेला. मिस्त्री हसले. त्यांनी भिंतीवरच्या पाइपाची तोटी बंद केली. "आता?" या वेळी मुले गप्प राहिली. खटका दाबताच कातर पुन्हा फडफडली, दोनेक सेकंद चालली आणि दमल्यासारखी थांबली. तिसऱ्यांदा खटका दाबला तेव्हा काहीच झाले नाही. "आता मेली," ते म्हणाले, "पातं बदलायचं ते आत्ता. आधी नाही." आणि त्यांनी डावा हात पुढे केला. तर्जनीचे शेवटचे पेर नव्हते. तरुणपणी, दुसऱ्या एका ठिकाणी काम करीत असताना, मोटर बंद आहे म्हणून ते पाते काढायला बसले होते. कातर दुसऱ्या हाताने धरताना खटका दाबला गेला.

विजेच्या अवजाराची वायर काढली की ते अवजार निर्जीव होते. हवेचे अवजार तसे होत नाही. मोटर थांबली तरी टाकीत हवा असते, टाकीची तोटी बंद केली तरी नळीत हवा असते. हवेचा हा गुण आहे आणि तोच तिचा धोकाही आहे. माणसाने दाबलेली हवा कामाला लावली ती या गुणासाठीच. शक्ती एका ठिकाणी साठवायची आणि दूर दुसऱ्या ठिकाणी वापरायची, ही सोय तिने करून दिली. या सोयीचा इतिहास पाहायला कळव्याहून फार लांब जावे लागत नाही. निदान सुरुवात तरी इथेच करता येते.

स्थानकाच्या पलीकडे पारसिकचा डोंगर दिसतो. ठाण्याहून कल्याणपर्यंतची रेल्वे १ मे १८५४ रोजी सुरू झाली तेव्हा या डोंगराच्या कडेने वळसा घेत, दोन लहान बोगद्यांतून ती नेण्यात आली. डोंगर सरळ भेदून जाणारा, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा १९१६ साली वाहतुकीस खुला झाला. या दोन तारखांमध्ये जी साठेक वर्षे गेली, त्या काळात जगात खडक फोडण्याची पद्धतच बदलली.

पहिली पद्धत कशी होती? एक मजूर पोलादी पहार खडकावर धरी, दुसरा घणाचे घाव घाली आणि प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवली जाई. असे हातभर खोल छिद्र पडले की त्यात सुरुंगाची दारू ठासून बार उडवायचा. बोरघाटातील रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात असाच, हातांनी खोदला गेला. त्यात २५ बोगदे होते. पटकी, तापाच्या साथी आणि अपघात यांनी तेथे हजारो मजूर मृत्युमुखी पडले. आज खंडाळ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरली की आपण खिडकीबाहेर पाहणे थांबवितो. तेथे प्रत्येक छिद्रामागे कुणाचे तरी दोन हात होते, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

नेमक्या याच काळात युरोपात फ्रान्स आणि इटली यांच्यामध्ये, आल्प्स पर्वतातून मॉं सेनी या नावाने ओळखला जाणारा बोगदा खोदणे चालू होते. काम १८५७ साली सुरू झाले. बोगद्याची लांबी बारा किलोमीटरांहून अधिक. हातांनी खोदला तर त्याला पंचवीसेक वर्षे लागतील असा अंदाज होता. वाफेचे इंजिन आत न्यावे तर त्याच्या धुराने माणसे गुदमरतील. इंजिन बाहेर ठेवून वाफ नळीतून आत पाठवावी तर लांबच्या नळीत ती थंड होऊन तिचे पाणी होणार. बोगद्याला वरून मध्ये कोठे विहीर पाडून हवा देण्याचीही सोय नव्हती, कारण वर पर्वत उभा. मुलांपुढे हा प्रश्न असाच ठेवावा आणि त्यांना उपाय सुचवू द्यावेत. आमच्या वर्गात एकाने लांब दोरी आणि कप्पी सुचवली होती. ती काही अगदीच चुकीची कल्पना नव्हे. त्या काळी दोराने शक्ती दूर नेण्याचेही प्रयोग झालेले आहेत.

अभियंता जेर्मँ सोमेये याने उत्तर शोधले ते हवेत. बोगद्याच्या तोंडाशी डोंगरातून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची, सुमारे सहा वातावरणांच्या दाबापर्यंत, आणि ती नळांतून आत खडकापर्यंत न्यायची. तेथे ती एका सिलिंडरातला दट्ट्या मागे-पुढे करी, दट्ट्याला जोडलेली पहार खडकावर आदळे आणि काम करून सुटलेली हवा मजुरांना श्वासासाठी मिळे. नळात हवा थंड झाली तरी ती हवाच राहते, वाफेसारखी पाणी होऊन बसत नाही. १८६१ च्या सुरुवातीला ही यंत्रे इटलीच्या बाजूने कामाला लागली. डिसेंबर १८७० मध्ये दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांस मिळाले आणि सप्टेंबर १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. पंचवीस वर्षांचे काम चौदा वर्षांत झाले होते. सोमेये मात्र उद्घाटनाच्या दोन महिने आधीच वारला.

मॉं सेनीच्या या यंत्रांविषयी एका मासिकात आलेली माहिती जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाच्या अमेरिकन तरुणाच्या वाचनात आली. तो तेव्हा आगगाडी थांबविण्याच्या प्रश्नाने पछाडलेला होता. त्या काळी प्रत्येक डब्यावर एक माणूस असे आणि इंजिनाची शिट्टी झाली की तो हाताने चाक फिरवून आपल्या डब्याचा ब्रेक लावी. दाबलेली हवा डोंगराच्या पोटात किलोमीटरभर आत जाऊन खडक फोडू शकते, तर ती गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत का जाऊ नये? १८६९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने हवेच्या ब्रेकचे एकस्व घेतले.

पण त्या पहिल्या ब्रेकमध्ये एक मोठी उणीव होती. इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागत. म्हणजे वाटेत नळी फुटली किंवा गाडी मध्येच तुटली तर ब्रेक लागतच नसत, आणि खरी गरज तर तेव्हाच. १८७२ मध्ये त्याने सगळी रचना उलटी केली. प्रत्येक डब्याला स्वतःची हवेची टाकी दिली. गाडीभर जाणाऱ्या नळीत दाब टिकून आहे तोपर्यंत ब्रेक मोकळे राहतात, दाब गेला की डब्याच्या टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावते. नळी तुटली तरी गाडी थांबते. साठवलेल्या हवेला सुरक्षिततेच्या बाजूला कसे उभे करावे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. आपल्या लोकलचे ब्रेक याच कल्पनेचे वारसदार आहेत. त्यांना विजेच्या नियंत्रणाची जोड मिळाली, पण दाबलेली हवा कायम राहिली. मुंबईत विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. लोकलची देखभाल ज्या कारशेडमध्ये होते त्यांपैकी एक कळव्यालाच आहे. पोटाखाली ठोकणारा तो कोण, याचे उत्तर असे आल्प्सपर्यंत जाते.

बोगद्यातली अजस्र यंत्रे माणसाच्या हातात मावण्याएवढी लहान व्हायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. पॅरिसमध्ये १८८० च्या दशकात गंमत अशी झाली की शहरभर नळ टाकून दाबलेल्या हवेवर सार्वजनिक घड्याळे चालविण्यात आली. पुढे याच प्रकारच्या नळांतून लहान कारखान्यांना हवा विकली जाऊ लागली. आपल्याकडे जसा पाण्याचा मीटर, तसा तेथे हवेचा! हवा पुरविण्याची ही व्यवस्था १९९४ पर्यंत चालू होती. १८९० च्या दशकात अमेरिकेत हवेचे हातोडे निघाले. रिव्हेट ठोकणे, दगड घडविणे, पोलादी ओतकामावरची खरबड काढणे, अशा कामांत त्यांनी थोड्याच वर्षांत जम बसविला. छिन्नी, करवत, भोके पाडण्याचे यंत्र आणि पत्रा कापण्याची कातर हा सगळा या हातोड्याचाच गोतावळा.

या अवजारांची किंमत कामगारांच्या हातांनी मोजली. अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडीचा दगड घडविणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी आणि बधिर पडत. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये तेथे जाऊन त्यांची तपासणी केली आणि हवेच्या हातोड्याच्या कंपनांमुळे बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात, असा निष्कर्ष काढला. आपल्या उष्ण हवेत बोटे पांढरी पडलेली सहसा दिसत नाहीत. पण दिवसभर कंप पावणारे अवजार धरणाऱ्याच्या हाताला मुंग्या येणे, पकड सैल होणे हे येथेही होते. "रात्री हात झोपतो" असे मिस्त्री म्हणाले ते याचेच वर्णन असावे. कातरीची कंपने हातोड्याइतकी तीव्र नसतात, तरीही मधून मधून हात मोकळा करणे आणि अवजार गरजेपेक्षा घट्ट न आवळणे एवढे करता येते.

महाराष्ट्रात कापणाऱ्या यंत्राची ओळख खेड्यांना पत्र्यामुळे झाली नाही, ती कडब्यामुळे झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली आणि १९१० मध्ये ते कुंडलजवळच्या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला आले. कडबाकुट्टीत गेलेल्या बोटांच्या गोष्टी ग्रामीण शाळेतल्या मुलांना आपण सांगायची गरज नाही. त्याच उद्योगसमूहाची किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि हवेचे कॉम्प्रेसर मराठी मुलखात बनू लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट हे त्याचे आरंभीचे क्षेत्र. खाडीच्या अलीकडे, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कळव्यात सीमेन्स, मुकंद यांसारखे कारखाने उभे राहिले. मोठ्या कारखान्यांच्या आसपास विजेच्या पेट्या, हवेचे नळ, यंत्रांची कवचे बनविणारे लहान गाळे उगवतात, तसे ते या पट्ट्यातही उगवले. आम्ही पाहिलेला गाळा त्यांपैकीच एक.

आता कातरीकडे वळू. शिंप्याची कात्री आणि पत्र्याची कातर यांचे तत्त्व एकच. दोन पाती एकमेकांना अगदी लगटून, पण न घासता, उलट दिशांनी जातात आणि मधल्या पदार्थाला 'कर्तन बल' लावतात. साधा पोलादी पत्रा कापायला दर चौरस मिलिमीटरला साधारण ३५ किलोग्रॅम-भार लागतो. १.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात एक सेंटिमीटर लांबीचा काप एकदम घ्यायचा तर सव्वाचारशे किलोग्रॅम-भार लागेल. म्हणून पाते तिरपे ठेवतात. मग एका वेळी पत्र्याचा लहानसा त्रिकोणच कापला जातो आणि पाते १५ अंशांनी कलते असेल तर हेच बल शंभराच्या आत येते. एवढे बल मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा लावायचे काम हवा करते. बहुतेक हातकातरींत हवेने फिरणारी छोटी मोटर असते. तिची फिरती गती मधल्या पात्याच्या वर-खाली हालचालीत बदलली जाते. बाजूला दोन स्थिर पाती आणि मध्ये एक हलते पाते, अशी रचना असली की पत्र्याची अरुंद पट्टी कापून निघते. मुलांनी टाळ्या वाजविल्या ती हीच. ती पट्टी गरम असते, तिच्या दोन्ही कडा वस्तऱ्यासारख्या असतात आणि ती कुठे वळेल याचा नेम नसतो. म्हणून तिला हाताने ओढायचे नाही. पत्रा धरणारा हात कापाच्या रेषेत किंवा पत्र्याच्या खाली, जिथे डोळ्याला दिसत नाही तिथे, कधीही असता कामा नये. जे बल पोलादाला पुरते ते बोटाच्या हाडाला सहज पुरते.

गाळ्यात हवेचा दाब 'सहा किलो' असा सांगतात, काही ठिकाणी 'नव्वद पाउंड'. विज्ञानशिक्षकाचा जीव 'किलो' ऐकून कासावीस होतो, कारण दाब म्हणजे नुसता भार नव्हे, एकक क्षेत्रफळावरचा भार. पण कारागिराच्या मनात 'दर चौरस सेंटिमीटरला' हे गृहीत असते. दोन्ही आकडे जवळपास एकच दाब सांगतात आणि सोमेयेच्या बोगद्यातला दाबही याच घरातला होता. बहुतेक हातअवजारे याच दाबासाठी बनविलेली असतात. पत्रा जाड आहे म्हणून दाब वाढवून तो कापायचा प्रयत्न केला तर पाते तुटते, आणि तुटलेला तुकडा डोळ्याच्या दिशेने येणार नाही याची हमी कोणी देत नाही. चष्मा न घालता या कातरीला हात लावू नये. कातरीवर लिहिलेली जाडीची मर्यादा साध्या पोलादासाठी असते, स्टेनलेस पोलादासाठी ती कमी धरावी लागते.

मिस्त्रींनी तोटी बंद केल्यावरही कातर दोन सेकंद चालली. त्यामागचे गणित आम्ही शाळेत परत आल्यावर केले. नळी १० मीटर लांब आणि आतून १० मिलिमीटर व्यासाची धरली तर तिच्यात ०.७८ लिटर जागा आहे. आतला दाब वातावरणाच्या दाबाहून सहा पटींनी अधिक, म्हणजे एकूण सात वातावरणे. रॉबर्ट बॉइलच्या १६६२ च्या नियमाप्रमाणे ही हवा बाहेर मोकळी झाली तर साडेपाच लिटर होईल. म्हणजे पावणेपाच लिटर हवा नळीतून बाहेर पडायला सज्ज बसली आहे. अशी कातर सेकंदाला साधारण दोन लिटर हवा खाते. दोन-अडीच सेकंदांचे खाणे नळीतच आहे. तेवढ्यात पाते पन्नासाहून अधिक वेळा खालीवर होते. बोटाला एकच वेळ पुरते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी पुढचे गणितही करावे. तापमान स्थिर आहे असे मानून या हवेची प्रसरणातली ऊर्जा काढली तर ती सुमारे ६०० ज्यूल येते. साठ किलो वजनाच्या माणसाला एक मीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. व्यवहारात ती सगळी मिळत नाही. तरीही जोडणी निसटलेली नळी सापासारखी फटके का मारते, ते यावरून कळावे.

म्हणून पाते बदलण्याचा क्रम मिस्त्रींनी दाखविला तोच. आधी पाइपाची तोटी बंद करायची. मग कातर जमिनीकडे धरून, पात्यांपासून बोटे दूर ठेवून, खटका दाबायचा आणि नळीतली हवा संपू द्यायची. त्यानंतर नळी कातरीपासून काढायची, पुन्हा एकदा खटका दाबून खात्री करायची, आणि मगच पाना हातात घ्यायचा. नळी अवजारापासून काढलेली असली की कोणी मागे जाऊन तोटी उघडली तरी बिघडत नाही. खटक्याबद्दल आणखी एक. त्याला स्प्रिंग असते, बोट उचलले की हवा बंद होते. वेस्टिंगहाउसच्या दुसऱ्या ब्रेकसारखीच ही योजना आहे, माणूस चुकला तर यंत्र थांबावे अशी. लांब काप घेताना बोट दुखते म्हणून खटका तारेने किंवा चिकटपट्टीने बांधून टाकणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. म्हणजे १८७२ ची रचना काढून परत १८६९ ची बसवायची!

देखभालीचा मोठा भाग पाण्याशी झगडण्यात जातो. कळव्याला एका बाजूला खाडी आहे आणि जूनपासून चार महिने हवा ओलसर. ३० अंश सेल्सिअसला आणि ८० टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ही हवा सातपट दाबून परत थंड केली की आकुंचन पावलेल्या त्या हवेत फक्त चारेक ग्रॅम बाष्प मावते. उरलेले वीस ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. मिनिटाला २५० लिटर हवा घेणारा कॉम्प्रेसर सहा तास चालला तर ९० घनमीटर हवा, म्हणजे जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी! हे पाणी टाकीला आतून गंजवते आणि गंजून पातळ झालेली टाकी आहे त्याच दाबाला फुटू शकते. थोडे पाणी नळीतून कातरीपर्यंत जाते, मोटरीतले तेल धुऊन काढते आणि आतले भाग गंजवते. म्हणून टाकीच्या तळाची तोटी रोज उघडून पाणी सोडायचे. पाइपावर पाणी गाळणारे, दाब नियंत्रित करणारे आणि हवेत तेलाचे तुषार सोडणारे असे तीन भाग ओळीने बसविलेले असतात. तेथील पाणी काढायचे, तेल भरायचे. तेलाचा भाग नसेल तर काम सुरू करण्यापूर्वी कातरीच्या हवेच्या तोंडात हलक्या तेलाचे चार-पाच थेंब टाकायचे.

आणि पात्यांमधली फट. ती पत्र्याच्या जाडीच्या पाच ते दहा टक्के असावी. एक मिलिमीटर पत्र्याला ०.०५ ते ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या आसपास. फट वाढली तर पत्रा कापला जाण्याऐवजी दोन पात्यांत दुमडून अडकतो. अडकलेला पत्रा सोडवायला हात आपोआप पुढे जातो, आणि बोटे जातात ती अशाच वेळी. बोथट पाते आणि वाढलेली फट यांकडे कंटाळा म्हणून पाहू नये, ती अपघाताची पूर्वतयारी आहे.

कातरीबरोबर हवेची फुंकणीही गाळ्यात असतेच. तिने अंगावरचा कीस उडविणे, कपडे झटकणे सर्रास चालते. हवेचा झोत त्वचेवरच्या लहानशा जखमेतून आत शिरू शकतो, कीस डोळ्यात जातो, कानाचा पडदा फाटू शकतो. त्याहून वाईट प्रकार थट्टेचा. कुणाच्या तरी शरीरात गुदद्वारापाशी नळी धरून हवा सोडल्याने आतडे फाटल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून आहेत, आणि आपल्या वर्तमानपत्रांतही अशा मृत्यूंच्या बातम्या येत राहिल्या आहेत. बळी बहुधा वयाने सर्वांत लहान मुलगा असतो. वर्गात हे सांगताना संकोच वाटतो. आम्हालाही वाटला. पण आपल्या वर्गातली काही मुले दोन-तीन वर्षांत आयटीआयला किंवा थेट गाळ्यात जाणार असतात. त्यांना हे तेथे कोणी सांगेलच असे नाही, म्हणून आम्ही ते स्पष्ट शब्दांत सांगतो.

कायद्याने या गोष्टींची दखल घेतली नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात दाबावर चालणाऱ्या यंत्रांसाठी कलम ३१ होते, डोळ्यांच्या रक्षणासाठी कलम ३५ होते. पण विजेचा वापर असेल तर दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेलाच तो अधिनियम कारखाना मानी. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा अधिनियम आपल्यात सामावून घेतला आणि दहाची संख्या वीस केली. आम्ही पाहिलेल्या गाळ्यात पाच माणसे होती. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा तक्ता होता. संपूर्ण तर्जनी गेल्यास कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट, तर्जनीचे एक पेर गेल्यास ९ टक्के. आम्ही मिस्त्रींना हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "नऊ टक्के? शर्टाचं बटण लावून बघा म्हणावं."

वर्गात हे सारे दाखवायला कातर लागत नाही. सुई नसलेली इंजेक्शनची मोठी सिरिंज घ्यावी, दट्ट्या अर्ध्यावर ओढावा, तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या दाबावा. मग दट्ट्यावरचा अंगठा काढावा. हात बाजूला झाला तरी दट्ट्या मागे येतोच. मुलांना आधी विचारावे, तो कोणी ढकलला? सायकलचा पंप, व्हॉल्व्हची नळी आणि फुगा घेऊनही हाच प्रश्न विचारता येतो.

निघताना मिस्त्रींनी टाकीच्या तळाची तोटी उघडली. आधी तांबूस पाणी आले, मग फेस, मग नुसती हवा. ती बराच वेळ येत राहिली. दोन मुले घड्याळ लावून बसली होती. टाकी केवढी, तोटीचे भोक केवढे, हे मोजून घ्यायचे आमच्याकडून राहिले, म्हणून त्यांचे गणित अपुरे राहिले आहे.